अरबी समुद्रातले प्लवक बडोद्यापर्यंत आणताना: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बडोद्यातली ही प्रयोगशाळा लहान आहे. एक प्राध्यापिका, दोन संशोधक विद्यार्थी (मुलगा पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात, मुलगी नुकतीच नोंदणी झालेली) आणि निवृत्तीला आलेले एक प्रयोगशाळा सहायक, ज्यांना सगळा विभाग काका म्हणतो. काम प्राणिप्लवकांवर (पाण्यात तरंगत राहणारे बारीक प्राणी), त्यातही कोपेपॉड या इवल्या कवचधारी प्राण्यांवर. तोपर्यंतचे नमुने खंभातच्या आखातातले, म्हणजे होडीतून, भरतीचे वेळापत्रक सांभाळत, गढूळ पाण्यातून काढलेले. खोल समुद्राचा अनुभव कुणालाच नव्हता. फेब्रुवारीअखेर उत्तर अरबी समुद्रात जाणाऱ्या एका संशोधन जहाजावर दोन बर्थ रिकामे आहेत असा निरोप आला आणि प्रयोगशाळेने होकार कळवला. जहाज गोव्यातून निघून गोव्यालाच परतणार होते.

फेब्रुवारी हा तिथे मोलाचा महिना. ईशान्येकडून येणारे कोरडे, गार वारे पृष्ठभागावरून बाष्प नेतात. वरचे पाणी गार, खारट आणि जड होऊन खाली बसते, मिसळलेला थर जाड होतो आणि खालची नायट्रेट वर येतात. मग प्लवकांचा फुलोरा येतो, म्हणजे ते एकदम झपाट्याने वाढतात. पूर्वी त्यात डायटम वनस्पतिप्लवकांचे प्राबल्य असे. २००० नंतरच्या वर्षांत हिरव्या नॉक्टिल्युका सिंटिलान्स या एकपेशीय प्लवकाने ती जागा मोठ्या प्रमाणात घेतलेली दिसते. याचा संबंध ऑक्सिजन कमी असलेले पाणी वर येण्याशी जोडला गेला, त्यावर वादही झाले. म्हणूनच त्या भागातले प्राणिप्लवक आज काय आहेत हे मोजणे महत्त्वाचे.

प्रयोगशाळेचा प्रश्न साधा होता. १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत ठरावीक मापाच्या जाळ्याने (तोंड १ चौरस मीटर, छिद्रे ०.३३ मिलिमीटर) २०० मीटरपासून पृष्ठभागापर्यंत उभे ओढून नमुने घेतले गेले आणि कोचीच्या केंद्रात त्यांची वर्गवारी झाली. त्या आकड्यांशी आजची तुलना करता येईल का? शिवाय डीएनए हवा होता, कारण कोपेपॉडच्या कित्येक जाती सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. तिसरी गोष्ट प्राध्यापिकाबाईंच्या आग्रहाची. स्पेनच्या २०१०-११ मधील मालास्पिना मोहिमेने नमुन्यांचा एक वाटा न उघडता पुढच्या पिढीतल्या शास्त्रज्ञांसाठी राखून ठेवला होता. तसा राखीव वाटा छोट्या प्रमाणावर का होईना, इथेही असावा.

म्हणजे प्रत्येक स्थानकावरच्या (जहाज थांबवून नमुने घ्यायच्या जागेवरच्या) नमुन्याचे तीन वाटे: मोजणीसाठी, डीएनएसाठी आणि राखीव.

अडचण: बाटलीत काय भरायचे

मोजणीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. एक लिटरच्या बाटलीत १०० मिलिलिटर तीव्र फॉर्मॅलिन, बाकी नमुना आणि समुद्राचे पाणी, म्हणजे फॉर्मल्डिहाइड साधारण ४ टक्के. आम्लता वाढू नये म्हणून त्यात बोरॅक्स. आकार, काटे, पायांची ठेवण वर्षानुवर्षे टिकते. पण फॉर्मॅलिनने डीएनएचे तुकडे पडतात, तो प्रथिनांना चिकटून बसतो आणि पुढे त्यातून फारसे हाती लागत नाही. डीएनएसाठी ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉल लागते, तेही कडवट रसायने न मिसळलेले.

इथेच बडोद्याचा पेच आला. गुजरातेत दारूबंदी आहे आणि शुद्ध इथेनॉल प्रयोगशाळेचे असले तरी परवान्याबाहेर आणता येत नाही. प्रयोगशाळेच्या परवान्यावर वर्षाचा कोटा होता, तो नेहमीच्या कामालाच जेमतेम पुरे. मोहिमेसाठी लागणारे इथेनॉल गोव्यातल्या सहकारी प्रयोगशाळेने तिच्या नावावर घ्यायचे ठरले. जाण्याचा प्रश्न सुटला. परतताना इथेनॉलने भरलेल्या बाटल्या राज्याच्या हद्दीत येणार, त्याचे काय, हा प्रश्न निघायला तीन आठवडे राहिले तेव्हा कुणीतरी काढला. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, असेच म्हणायचे.

पर्याय आणि त्यांचे वजन

बैठकीत चार मार्ग समोर होते.

सगळे नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे आणि डीएनएचा नाद सोडायचा, हा पहिला. सोपा, स्वस्त, कायद्याची कटकट नाही. पण मग बर्थ मिळवण्यासाठी लिहिलेल्या प्रस्तावातला अर्धा प्रश्नच बाद होत होता.

दुसरा, इथेनॉलऐवजी आरएनएलेटर हे जतनाचे तयार द्रावण किंवा डीएमएसओ, ईडीटीए आणि मीठ यांचे संपृक्त द्रावण वापरणे. दोन्ही जळणारी नाहीत, परवानाही लागत नाही. आरएनएलेटर मात्र महाग, आणि नमुन्यात समुद्राचे पाणी उरले की पातळ होऊन काम बिघडते. शिवाय या द्रावणांत कोपेपॉडची शरीरे लिबलिबीत झाली तर तोच प्राणी नंतर सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे अवघड.

तिसरा, इथेनॉलचेच नमुने घ्यायचे, पण ते गोव्यातच ठेवून डीएनए तिथेच काढायचा. डीएनएचे अर्क पाण्यासारख्या बफरमध्ये असतात, बर्फात घालून बडोद्याला आणता येतात, त्यांत अल्कोहोल नसते.

चौथा मार्ग काकांनी अर्धवट थट्टेत सुचवला: गाडीच्या डिकीत घालून आणू, हद्दीवर भिलाडला कोण बाटल्या हुंगत बसणार आहे? बाईंनी तो तिथल्या तिथे मोडीत काढला. पकडले गेले तर दंड भरून भागत नाही. मुद्देमाल म्हणून जप्त झालेल्या बाटल्या कुठल्या तरी खोलीत उन्हाळाभर पडून राहतात आणि वर प्रयोगशाळेचा मूळ परवानाही धोक्यात येतो. रेल्वेनेही प्रश्न सुटत नव्हता. ज्वलनशील द्रव डब्यात नेता येत नाही.

निर्णय तिसऱ्याच्या बाजूने झाला. राखीव वाट्यासाठी मात्र बडोद्यातून परवान्याचा अर्ज करायचा आणि तो मिळेपर्यंत त्या बाटल्या गोव्यात थांबवायच्या.

जाळ्याच्या छिद्रांवरही बराच खल झाला. जुन्या आकड्यांशी तंतोतंत तुलना हवी तर ०.३३ मिलिमीटरचे जाळे हवे. पण त्यातून लहान कोपेपॉड निसटतात, आणि उष्ण समुद्रात संख्येने तेच जास्त. शेवटी २०० मायक्रॉनचे, ०.२५ चौरस मीटर तोंडाचे डब्ल्यूपी-२ जाळे घ्यायचे आणि मोजणीच्या वेळी नमुना ३३० मायक्रॉनच्या चाळणीतून काढून दोन आकडे द्यायचे ठरले. ही सोय आहे, पर्याय नाही. पाण्यात ओढलेले जाळे आणि टेबलावरची चाळणी एकसारखी गाळत नाहीत, हे अहवालात लिहावेच लागते.

तयारी

जाळ्याच्या तळाच्या बकेटला खिडक्या असतात, त्यांवर जाळ्याचेच कापड ताणलेले असते. जादा बकेट मकरपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतली आणि खिडक्यांना स्क्रीन प्रिंटिंगचे कापड लावले. हे कापड इंचामागे किती धागे यावर विकले जाते. छिद्र किती मोठे हे धाग्याच्या जाडीवर ठरते आणि ती दुकानदार सांगत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मोजले तेव्हा छिद्रे १४० ते १६० मायक्रॉनची निघाली. बकेटला छिद्र बारीक असणे चालते, मोठे असणे चालत नाही, म्हणून ते कापड ठेवले. पण बारीक खिडकी लवकर तुंबते आणि पाणी वरून सांडते, ही नोंद पेटीच्या झाकणावर चिकटवली.

प्रवाहमापक (जाळ्यातून किती पाणी गेले ते पंख्याच्या फेऱ्यांवरून मोजणारा) जाळ्याच्या तोंडात मधोमध न लावता मध्य आणि कडा यांच्या अर्ध्यावर बांधला, कारण मध्यावरचा वेग प्रातिनिधिक नसतो. जाळे खाली जाताना पंखा उलटा फिरू नये म्हणून त्याची उलट-अटक तपासली. एक वाटा फॉर्मॅलिनला आणि एक इथेनॉलला अशी वाटणी फॉल्सम विभाजकाने करायचा विचार होता. ते यंत्र सपाट टेबलावरच समान वाटे देते, आणि स्थानकावर उभे असलेले जहाज चालत्या जहाजापेक्षा जास्त डोलते. म्हणून लागोपाठ दोनदा जाळे टाकायचे, एक खेप फॉर्मॅलिनची, एक इथेनॉलची, आणि क्रम दर स्थानकाला उलटा करायचा असे ठरले. पाण्यात प्लवक थव्याथव्याने असतात, त्यामुळे दोन खेपा सारख्या नसतात. पण डोलत्या टेबलावरच्या वाटणीपेक्षा ही चूक मोजता तरी येते.

इथेनॉलचा हिशेब असा. एका खेपेत साधारण १५ मिलिलिटर प्लवक येतील, त्यांना २५० मिलिलिटरची बाटली पुरते. प्लवकातले पाणी इथेनॉल पातळ करते, म्हणून २४ तासांनी ते ओतून नवे भरायचे. बारा स्थानके, दोनदा भरणे: ६ लिटर. राखीव वाटा आणि सांडलवंड धरून २० लिटर घेतले. पुरेसे वाटले होते.

समुद्रावर: पहिला निर्णयबिंदू

पहिली तीन स्थानके सुरळीत गेली. विंच सेकंदाला ०.७५ मीटरने, म्हणजे २०० मीटर साडेचार मिनिटांत. प्रवाहमापकाच्या दोन वाचनांतला फरक ६,९०० च्या आसपास. या जातीच्या मापकात अंतर काढायला फरकाला २६,८७३ ने गुणून ९,९९,९९९ ने भागतात. उत्तर १८५ मीटर, आणि ०.२५ ने गुणले की ४६ घनमीटर. आदर्श जाळ्याने ५० गाळले असते, म्हणजे ठीकच.

चौथ्या स्थानकावर समुद्र हिरवा होता. फरक ६,३०० वर आला, म्हणजे १६९ मीटर. पाचव्यावर ३,८००, म्हणजे १०२ मीटर. सॅटेलाइट फोनवर विद्यार्थ्याचे आणि बाईंचे बोलणे झाले ते असे:

“मॅडम, बकेटमध्ये नुसती हिरवी पेज आलीय. मीटर तीन हजार आठशेच दाखवतोय. इथं नॉक्टिल्युका फारच आहे.”

“थर किती खोल आहे?”

“वरचे पंचवीस-तीस मीटर. सीटीडीच्या क्लोरोफिलवरून तरी.” (सीटीडी म्हणजे खोलीनुसार पाण्याचे गुणधर्म मोजणारे उपकरण.)

“मग हिशेब कर ना. जाळं खालून वर येतंय. शेवटच्या तीस मीटरला पार तुंबलं तरी तीसच मीटर कमी होतील. तुझे ऐंशीच्या वर गेलेत. आधीच्या स्टेशननंतर जाळं धुतलं होतंत का?”

धुतले होते, पण आतल्या बाजूने, नमुना बकेटमध्ये उतरवण्यापुरते. नॉक्टिल्युकाचा बुळबुळीत थर कापडात तसाच वाळला होता आणि पाचव्या स्थानकावर जाळे २०० मीटरवरूनच अर्धवट बुजलेले वर येत होते. चौथ्या स्थानकाचा १६ मीटरचा फरक फुलोऱ्याने समजावता येतो, पाचव्याचा नाही.

पुढचे मार्ग तीन. खेप ५० मीटरवर आणायची, तर जुन्या मोहिमेशी तुलना संपली. खोलीनुसार जाळे बंद करायचे, म्हणजे २०० ते ५० आणि ५० ते ० वेगळे. त्यासाठी तारेवरून पितळी मेसेंजर सोडून जाळ्याचा गळा आवळणारी यंत्रणा लागते. ती यांच्याकडे नव्हती आणि जहाजावरचे मल्टिनेट, म्हणजे खोलीनुसार उघड-बंद होणारी जाळी, दुसऱ्या गटाच्या वेळापत्रकात होते. तिसरा मार्ग निवडला: २०० मीटरची खेप कायम ठेवायची, शिवाय ५० मीटरची एक स्वतंत्र खेप वाढवायची आणि प्रत्येक खेपेनंतर जाळे बाहेरून होजने धुऊन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचे. जादा खेपेला डेकवरची दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती मुख्य शास्त्रज्ञांकडे मागून घ्यावी लागली. २०० मीटरच्या खेपेचे वाचन ५,००० च्या खाली आले तर ती खेप रद्द धरून पुन्हा टाकायची, हा नियम मुलीने वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. सहाव्या स्थानकापासून वाचन ६,२०० ते ६,५०० मध्ये राहिले.

दुसरा निर्णयबिंदू: इथेनॉल पुरत नाही

फुलोऱ्यात एका खेपेचे आकारमान १५ नव्हे, १८० मिलिलिटर भरले. एकास नऊ या प्रमाणात इथेनॉल म्हणजे १.६ लिटर, आणि दुसऱ्या दिवशी बदलायला तेवढेच. एका स्थानकाला सव्वातीन लिटर. उरलेली स्थानके पाहता वीस लिटर कुठल्या कुठे संपले असते. पाचव्या स्थानकाचा नमुना मात्र घाईत अर्ध्या लिटरच्या बाटलीत कोंबला गेला आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलायचे राहिले.

नमुन्याचा आठवा हिस्सा ठेवायचा तर दुर्मीळ जाती निसटतात. चाळणीने नॉक्टिल्युका काढावा तर त्याचा आकार मोठ्या कोपेपॉडएवढाच. उपाय त्याच्या तरंगण्यात सापडला. नॉक्टिल्युकाच्या पेशीतली मोठी रिक्तिका अमोनियमयुक्त, पाण्याहून हलक्या द्रवाने भरलेली असते. उंच बीकरमध्ये नमुना ओतून थोडे सोडावॉटर घातले की कोपेपॉड गुंगीत जाऊन खाली बसतात, नॉक्टिल्युका वर येतो. दहा मिनिटांनी खालचा भाग सायफनने काढून इथेनॉलमध्ये ठेवायचा. वरच्या हिरव्या भागाचे आकारमान मोजून त्यातले फक्त ५० मिलिलिटर स्वतंत्र बाटलीत राखायचे. यात अडकलेली अंडी आणि लहान अळ्या वर जातात, म्हणून तो भाग फेकायचा नाही. डीएनएच्या कामालाही याचा फायदा: नॉक्टिल्युका तसाच राहिला तर जाती ओळखायला वापरतात त्या १८एस जनुकाच्या वाचनांत तोच तो दिसत राहतो.

फॉर्मॅलिनच्या बाटल्यांनाही याच पेशींचा त्रास झाला. रिक्तिकेतला द्रव आम्लधर्मी, आणि अमोनियम फॉर्मल्डिहाइडशी अभिक्रिया करते, त्यात आणखी आम्ल सुटते. भरताना सामू ८ च्या वर होता. आठवड्याने पट्टी बुडवली तर फुलोऱ्यातल्या बाटल्यांत तो ७ च्या खाली. क्रेसेइस या टेरोपॉडचे (तरंगत्या गोगलगाईचे) सुईसारखे पारदर्शक शंख दोन बाटल्यांत खडूसारखे पांढरे पडले होते. समुद्राच्या आम्लीकरणाचा अभ्यास याच शंखांवरून होतो, तेव्हा बाटलीतच विरघळलेला शंख पुढे भलताच निष्कर्ष देऊ शकतो. सगळ्या बाटल्यांतले द्रावण ओतून बोरॅक्सचे नवे फॉर्मॅलिन भरले आणि त्या दोन बाटल्यांवर ‘शंखाच्या अभ्यासास अयोग्य’ अशी चिठ्ठी घातली. चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली आणि बाटलीच्या आत. बाहेरची मार्करची अक्षरे इथेनॉलच्या ओल्या हाताने पुसली जातात.

किनाऱ्यावर आणि बडोद्यात

फॉर्मॅलिनचे नमुने भाड्याच्या गाडीने, दुहेरी झाकणाच्या पिंपांतून आधी निघाले. मुलगी गोव्यात थांबली. सहकारी प्रयोगशाळेत तिने डीएनए काढला आणि अर्क थर्मोकोलच्या पेटीत कोरड्या बर्फात घालून आणले. कोरडा बर्फ वायू होतो, म्हणून पेटी हवाबंद करायची नसते आणि गाडीची काच थोडी खाली ठेवायची असते.

परवान्याचा अर्ज एकदा परत आला. त्यात ‘शुद्ध अल्कोहोल’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे प्रयोगशाळा नवा साठा आणते आहे असा अर्थ निघत होता. दुसऱ्या अर्जात ‘अल्कोहोलमध्ये जतन केलेले प्राणिनमुने’, बाटल्यांची संख्या, प्रत्येकीतले द्रवाचे आकारमान, ठेवण्याची खोली आणि कुलपाची जबाबदारी कुणाची हे सगळे दिले. जबाबदार म्हणून काकांचे नाव गेले. ते तीन महिन्यांत निवृत्त होणार असल्याने पुन्हा दुरुस्ती करावी लागली. परवाना आला तेव्हा पावसाळा सुरू झाला होता.

निष्पत्ती अशी: बारापैकी अकरा स्थानकांचा डीएनए जेलवर स्वच्छ, लांब पट्टी देऊन गेला. पाचव्याचा सगळा विस्कटलेला, लघुतुकड्यांचा. त्या स्थानकाची मोजणीची खेपही २५.५ घनमीटरचीच, आणि जाळे नेमके कोणत्या खोलीवर किती गाळत होते हे कळायला मार्ग नाही, म्हणून घनतेच्या आकड्यांतून ते स्थानक वगळले. जातींच्या यादीत ठेवले.

काय वेगळे करता आले असते

फुलोरा अनपेक्षित नव्हता. फेब्रुवारीअखेर तिथे नॉक्टिल्युका असतो हे प्रस्तावातच लिहिले होते, तरी इथेनॉलचा हिशेब नितळ पाण्याचा केला गेला. उपग्रहाची क्लोरोफिलची चित्रे निघण्याआधीच्या आठवड्यात पाहून आकारमान दसपट धरायला हवे होते. सोडावॉटरच्या बाटल्याही जहाजाच्या भटारखान्यातून मागून घ्याव्या लागल्या.

बंद होणारे जाळे नसणे ही खरी उणीव. ५० मीटरच्या वेगळ्या खेपेवरून खालच्या थराचा आकडा वजाबाकीने काढता येतो, पण दोन्ही खेपांतली अनिश्चितता त्यात एकत्र येते. मेसेंजर आणि गळा आवळणारी कडी यांचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे. पुढच्या अंदाजपत्रकात तोच पहिला.

सामू आठवड्याने नव्हे, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलतानाच पाहावा. दोन्ही कामे एकाच तक्त्यात, एकाच वेळेला घातली तर पाचव्या स्थानकासारखी बाटली सुटत नाही.

परवान्याबाबत सुरुवात बर्थ पक्का होण्याआधी करावी. जहाज रद्द झाले तर परवाना वाया जातो, एवढेच. नाव निवृत्त होणाऱ्याचे देऊ नये, आणि राखीव बाटल्यांतले इथेनॉल उडून पातळी उतरते तेव्हा दर सहा महिन्यांनी भरायला लागणारे लिटर त्याच अर्जात वार्षिक कोट्यात मागून घ्यावेत. या प्रयोगशाळेने ते मागितले नाहीत, आणि आता राखीव वाटा भरायला नेहमीच्या कामातले इथेनॉल कापले जाते.